फर्मा

बाबांच्या दुकानात भिंतीला चौदा खिळे आहेत
आणि प्रत्येक खिळ्याला एक लाकडी फर्मा,
कडा तारेनं झिजून गुळगुळीत झालेला,
पाठीवर पेन्सिलीनं: तीन एचपी. पाच. साडेसात.
एकावर नुसतं प्रश्नचिन्ह.
जळकी मोटार आली की बाबा खिळ्यांकडे बघतात,
मापपट्टीकडे नाही.

मी त्याच दुकानाच्या माळ्यावर बसते.
खालून वार्निशचा वास येतो, लॅपटॉपलाही तोच लागलाय.

पहिली साइट केली संत्र्याच्या मंडीची.
रकमेत स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं टाकायचा होता,
लाख लाखासारखा दिसला पाहिजे. तासभर गेला.
दुसरी शेंदुरजन्याच्या कलमांच्या नर्सरीची.
तोच स्वल्पविराम जुन्या फाइलमधून उचलून आणला,
सोबत त्यातली चूकही आली.
ती सापडली तिसरीत, पतसंस्थेच्या.
मग एका रात्री तीन ठिकाणी एकच दुरुस्ती करत
मी खाली पाहिलं,
खिळ्यांच्या रांगेकडे.

सकाळी रिकामं फोल्डर उघडलं. नाव दिलं फर्मा.

आत फार काही नाही.
रकमेचा एक, तारखेचा एक,
मोबाइल नंबर तपासणारा एक:
पुढे शून्य लावलेला, मध्येच जागा सोडलेला,
कलमा बांधणाऱ्या चंद्रकलाबाई देवनागरी आकड्यांत लिहितात तसलाही
तो समजून घेतो, हाकलून देत नाही.
आणि एक नुसता थांबवणारा,
कारण बटण कुणी एकदा दाबत नाही.
नेटवर्क गेलं की हापशीसारखं पाचदा दाबतात
आणि पाचशे कलमांची ऑर्डर अडीच हजारांची होते.
तो म्हणतो, दम धर जरा. बोट तर उचलू दे.

मोटार भरून झाली की बाबा सिरीजचा बल्ब लावतात.
बॉडीला टेकवल्यावर पेटला, तर सगळी परत खोलायची,
गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.
माझा बल्ब म्हणजे शून्य रुपये, उणे रुपये,
रिकामी तारीख, एकोणतीस फेब्रुवारी.
सगळं हिरवं आलं की मगच जेवायला उतरायचं.

मार्चमध्ये मी हुशारी केली.
तारखेच्या फंक्शनला सुटसुटीत नाव सुचलं,
जुनं पुसलं, आवृत्ती दोन म्हणून पाठवून दिलं.
ताजं ते आपोआप उचलायची सोय
सगळ्या साइटना मीच करून ठेवली होती.
सात वाजता नर्सरीचा फोन:
"पोरी, तारीखच नाई वं. नुस्तं पांढरं दिसून रायलं."

बाबांना सांगितलं. अर्धं समजलं असेल.
तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले,
"नवा फर्मा कर नं, कोन नाई म्हनते.
पन जुना खिळ्यावर राहू दे.
जुन्या मोटारी अजून बोअरमधीच हायेत बाई,
नऊशे फुटावर.
कोन्ती कधी वर येईन, सांगता येते काय?"

जुनं नाव परत आणलं.
त्याच्या डोक्यावर एक ओळ लिहिली, मराठीतच:
हे आता नवीन कामात वापरू नका. पण चालेल.

आजवर ती एक्केचाळीस वेळा उतरवली गेली.
अडतीस वेळा मीच.
उरलेले तीन कोण, कुठले, कळायला मार्ग नाही.

रात्री साडेबाराला थ्री फेज येते.
बेनोड्याच्या अंगानं एकामागून एक स्टार्टर खटकतात,
मग पाइपात चढणारं पाणी.
बाबा अंगणात खाटेवर पडून ऐकतात.
मी विचारलं, यातली तुमी भरलेली कोन्ती?
"काय मालूम," म्हणाले, आणि कूस बदलली.
"पानी येऊन रायलं नं."